ज्युलियनला अ‍ॅपल पाय खायला जायचं तर: कधी, कुठून, आणि दुकानात काय विचारायचं

सह्यकडा

सॅन डिएगोपासून साधारण ६० मैलांवर, क्युयामाकाच्या डोंगरांत ज्युलियन नावाचं छोटं गाव आहे. उंची ४,२०० फुटांच्या आसपास, वस्ती दोन हजारांच्या आत. मुख्य रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा मिनिटांत चालून होतो. तरी ऑक्टोबरातल्या शनिवारी गाव दिसायच्या बरंच आधी गाड्यांची रांग लागते, आणि बहुतेकांना हवा असतो अ‍ॅपल पाय, म्हणजे मैद्याच्या पारीत सफरचंदाचं सारण भरून भाजलेलं अमेरिकी पक्वान्न. दक्षिण कॅलिफोर्नियात राहणारे आणि तिथे मुलांकडे येणारे आईवडील वारंवार तेच प्रश्न विचारतात, म्हणून माहिती एका जागी करूया.

आधी थोडं गावाविषयी. १८६९च्या हिवाळ्यात फ्रेड कोलमन या कृष्णवर्णीय पशुपालकाला इथल्या ओढ्यात सोन्याचे कण सापडले. १८७० मध्ये खडकातल्या शिरा मिळाल्या आणि खाणी सुरू झाल्या. ड्रू बेलीने गाव आखलं आणि त्याला चुलतभाऊ माइक ज्युलियनचं नाव दिलं. सोन्याची भरभराट जेमतेम दहा वर्षं टिकली. त्याच दशकाच्या सुरुवातीला जेम्स मॅडिसन याने सफरचंदाची कलमं गाडीत घालून वर आणली होती, ती मात्र रुजली. पहिला 'अ‍ॅपल डे', म्हणजे गावचा सफरचंदाचा उत्सव, १९०९ सालचा.

सफरचंद इथेच का, तर थंडीमुळे. या झाडाला हिवाळ्यात नीट झोप लागते. बऱ्याच जुन्या वाणांना ७ अंश सेल्सियसच्या खालचे ८०० ते १,००० तास मिळाले तरच वसंतात सगळे डोळे एकदम फुटतात. किनाऱ्यावरच्या सॅन डिएगोत तेवढी थंडी पडतच नाही. ज्युलियनला ती उंचीमुळे मिळते. पण तीच उंची मुळावरही येते: एप्रिल-मेमध्ये झाड फुललेलं असताना एखादी रात्र उणे २ अंशांपर्यंत उतरली की दहातलं एखादं फूल मरतं, उणे ४ च्या आसपास गेली की जवळजवळ सगळा बहर जातो. असं फूल बाहेरून पांढरंशुभ्रच दिसतं. नखाने चिरलं की मधोमध काळा ठिपका दिसतो, तिथे फळ धरत नाही. म्हणूनच 'मागच्या वर्षी बाग खुली होती' हे यंदाचं उत्तर होत नाही.

कोयरी

छान धागा. पुण्याहून सत्तरी ओलांडलेले आईबाबा येणार आहेत, ऑक्टोबरभर मुक्काम. तीन शंका: घाटात त्रास कितपत होतो, बाबा काटेकोर शाकाहारी आहेत तर पाय चालेल का, आणि झाडावरून सफरचंद तोडायला मिळतील का?

निळीवाट

घाटाचं मी सांगते. सॅन डिएगोहून दोन वाटा. पहिली राज्य महामार्ग ६७ ने रमोना, तिथून ७८ ने सांता इझाबेल आणि ज्युलियन. दुसरी आंतरराज्य ८ ने पूर्वेला जाऊन ७९ ने उत्तरेला, डेस्कान्सोवरून क्युयामाकाच्या जंगलातून. दोन्हींना साधारण सव्वा ते दीड तास. दुसरी जास्त देखणी आहे, पण ८ सोडल्यापासून गावापर्यंत वळणंच वळणं. ज्यांना गाडी लागते त्यांना पहिल्या वाटेने न्या. तिथेही रमोनानंतर वळणं आहेत, पण मध्ये सांता इझाबेलला उतरून पाय मोकळे करता येतात. तिथून ज्युलियन सात मैल चढ.

ज्येष्ठांना पुढच्या सीटवर बसवा, पोटात थोडं कोरडं काहीतरी असू द्या, खिशात आलेपाक किंवा आवळा सुपारी ठेवा. गोळी द्यायची तर निघण्याआधी अर्धा-एक तास, आणि आधीच रक्तदाबाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

लॉस एंजेलिसकडून येणाऱ्यांना आंतरराज्य १५ ने दक्षिणेला येऊन ७६ ने पालावरून, लेक हेनशॉच्या कडेने ७९ गाठता येतो. टेमेक्युलावरून ७९ धरून वॉर्नर स्प्रिंग्जमार्गेही येता येतं. अडीच-तीन तास धरा.

टाकी खालीच भरून घ्या. जंगलाच्या पट्ट्यात फोनला रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा.

पोटोबा

शाकाहाराचा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे, आणि 'सफरचंदाचं पक्वान्न म्हणजे शाकाहारीच' हा समज चुकीचा आहे. पायची पारी मैद्यात स्निग्ध पदार्थ चोळून करतात. जुन्या अमेरिकी पद्धतीत तो पदार्थ म्हणजे लार्ड, अर्थात डुकराची चरबी. तिने पापुद्रे सुरेख सुटतात, म्हणून आजही काही बेकऱ्या वापरतात. काही ठिकाणी वनस्पती शॉर्टनिंग (डालड्यासारखं) असतं, काही ठिकाणी लोणी, काही ठिकाणी मिश्रण. चवीवरून ओळखता येत नाही.

दुकानात 'इज इट व्हेजिटेरियन?' एवढंच विचारलं की गल्ल्यावरची मुलगी मांस नाही या अर्थाने 'येस' म्हणून मोकळी होते. त्याऐवजी तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: क्रस्टमध्ये लार्ड आहे, शॉर्टनिंग आहे की बटर? वरून एग वॉश (फेटलेल्या अंड्याचा हात) लावता का? क्रम्बच्या पायची खालची पारी त्याच पिठाची का? तिसरा प्रश्न अशासाठी, की 'डच' नावाने मिळणाऱ्या पायवर साखर-लोण्याचा चुरा असतो आणि लोक तेवढाच बघतात, पारी मात्र खाली असतेच. बंद डब्यावर घटकांची यादी असते, ती वाचणं सगळ्यांत खात्रीचं. क्रीम पायमध्ये जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं) असू शकतं, तो सोडलेला बरा.

जेवणाचं म्हणाल तर गावातली खाणावळी मंडळी सँडविच, सूप, बर्गर, चिली (घट्ट तिखट रस्सा) असंच देतात. चिलीत आणि सुपाच्या रश्श्यात मांस असण्याची शक्यता जास्त. तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या-चटणी बरोबर नेली की ज्येष्ठांची दुपार निवांत जाते.

गोडांबा

पोटोबा, उत्तम माहिती. एक भर घालतो: 'सायडर'. भारतातून आलेल्यांना वाटतं ती दारूच. अमेरिकेत नुसतं 'अ‍ॅपल सायडर' म्हणजे न गाळलेला, गढूळ, तपकिरी सफरचंदाचा रस. मद्य असेल तर 'हार्ड सायडर' असं लिहिलेलं असतं. ज्युलियनमध्ये दोन्ही मिळतात, पाटी वाचून घ्या. आणि नुसत्या सायडरच्या बाटलीवर पाश्चराइज न केल्याची सूचना आहे का ते बघा. तसा रस गर्भवती स्त्रिया, लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांनी टाळावा. गरम करून घ्यायचा तर नीट उकळी येऊ द्या, कोमट करून भागत नाही.

सह्यकडा

कोयरी, तोडणीबद्दल. बागा मुख्य रस्त्यावर नाहीत. गावाच्या आसपास, वायनोलाच्या बाजूला आणि फार्मर रोडच्या अंगाला आहेत. स्वतः तोडायला देणाऱ्या बागा मोजक्या, आणि त्या साधारण सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, तेही शनिवार-रविवारी. फळ संपलं की त्या दिवशी फाटक बंद. काही ठिकाणी आधी वेळ ठरवावी लागते. बऱ्याच जागी पिशवीचा दर असतो: ठरलेल्या मापाची पिशवी विकत घ्यायची आणि मावेल तेवढं भरायचं. आईबाबा महिनाभर आहेत तर तोडणी पहिल्याच आठवड्यात उरका, महिनाअखेरीवर ठेवू नका.

तोडायची पद्धत आईबाबांनाही समजावून सांगा, कारण झाडाचं नुकसान इथेच होतं. फळ खाली ओढायचं नाही. तळव्यात धरून वर उचलायचं आणि हलकं पिळायचं. पिकलेलं असेल तर देठासकट आपोआप हातात येतं. ओढलं की फळाबरोबर बोटाएवढी आखूड, सुरकुतलेली फांदी तुटून येते. तिला इंग्रजीत स्पर म्हणतात. पुढच्या वर्षीचं आणि त्यापुढच्या कित्येक वर्षांचं फळ तिच्यावरच धरायचं असतं. देठ उपटून आलेलं फळही टिकत नाही, त्या खळग्यातून सडायला लागतं.

पिकलं की नाही हे लाल रंगावरून ठरवू नका. लाली उन्हाने येते. लालीच्या मागचा मूळ रंग बघा: गवती हिरव्याचा पिवळसर झाला की फळ तयार. एक कापून बी बघा, तपकिरी असायला हवी. सालीवर बारीक भोक आणि त्याच्या तोंडाशी भुसा दिसला तर आत अळी आहे. ते फळ साठवायला घेऊ नका, कापून लगेच शिजवायला चालतं.

आजीची_फोडणी

वाण कोणता घ्यावा हेही सांगा ना. पायला गोड लाल सफरचंद घेतलं की शिजून लगदा होतो.

सह्यकडा

बरोबर. रेड डिलिशस पायला नको. त्याचा गर उष्णतेत कोसळतो आणि आंबटपणा नसल्यामुळे सारण नुसतं गोडमिट्ट लागतं. ग्रॅनी स्मिथ फोडी धरून ठेवतं, आंबटही असतं, पण एकट्याने चव एकसुरी होते. निम्मं ग्रॅनी स्मिथ आणि निम्मं जोनागोल्ड किंवा गोल्डन डिलिशस हे मिश्रण नेहमी जमतं. जोनाथन सप्टेंबरात लवकर येतं, ग्रॅनी स्मिथ आणि फुजी उशिरा.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गावात वर्षभर जेवढे पाय विकले जातात तेवढं फळ आजूबाजूच्या बागांत पिकत नाही. बाग छोटी, हंगाम दीड-दोन महिन्यांचा, मागणी बारा महिन्यांची. त्यामुळे दुकानातल्या पायमधलं बरंचसं सफरचंद बाहेरून येतं. यात फसवणूक काही नाही, पण 'ज्युलियनचंच सफरचंद' खायचं असेल तर ते सप्टेंबर-ऑक्टोबरात बागेतून किंवा रस्त्याकडेच्या फळांच्या टपरीवरून घ्यावं लागेल. पाय म्हणजे ज्युलियनच्या भट्टीचं कसब, सफरचंद म्हणजे ज्युलियनची माती. दोन्ही स्वतंत्रपणे चाखा.

सुरवंट

मग ऑक्टोबरचाच आग्रह का? फळ बाहेरूनच येत असेल तर फेब्रुवारीतल्या मंगळवारी जा. रांग नाही, पाय तोच, गाडी थेट दुकानासमोर.

निळीवाट

सुरवंट, फक्त पायसाठी जायचं असेल तर तुमचं म्हणणं पटतं. पण कोयरीचे आईबाबा ऑक्टोबरातच इथे आहेत, आणि झाडावर लगडलेलं सफरचंद भारतात काश्मीर-हिमाचलसारख्या डोंगरांत गेल्याशिवाय दिसत नाही. ते दाखवायचं तर ऑक्टोबरच.

तोडणीला शनिवार-रविवारच, पण नुसतं गाव आणि पाय असेल तर मंगळवार ते गुरुवार धरा. आठवड्यात एखाद-दुसरं दुकान बंद असतं, म्हणून वार ठरवण्याआधी वेळा बघून घ्या. शनिवारच हातात असेल तर साडेनऊच्या आत गावात पोहोचा. अकरानंतर मुख्य रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळत नाही. मागच्या गल्ल्यांत किंवा पैसे घेणाऱ्या खासगी मोकळ्या जागांत लावावी लागते आणि तिथून चढ चालावा लागतो, गुडघेदुखी असलेल्यांनी हे लक्षात घ्यावं. आईबाबांना आधी दुकानापाशी उतरवा, मग गाडी लावायला जा.

गर्दी टाळायचा सरळ उपाय म्हणजे सांता इझाबेल. ज्युलियन पाय कंपनीचं एक दुकान तिथे, फाट्याजवळच आहे. गाडी लावायला ऐसपैस जागा. शेजारी डडलीज बेकरी आहे, १९६३ पासूनची, तिथला खजूर-अक्रोड-बेदाण्यांचा पाव आईबाबांना चहाबरोबर आवडेल. येताना ज्युलियन बघायचं, परतताना पाय सांता इझाबेलहून उचलायचा.

पोटोबा

मुख्य रस्त्यावरच्या मॉम्स पाय हाऊसला खिडकीतून पाय करताना दिसतात, तिथे पाच मिनिटं जरूर उभे राहा. पारी ताटलीवर पसरतात, सफरचंदाच्या फोडींची रास ताटलीच्या काठाच्या बरीच वर जाते, मग वरची पारी आणि कडेने मुरड. करंजीला मुरड घालणाऱ्या बायकांना ते बघून वेगळं काही सांगावं लागत नाही.

मागवताना पाय गरम करून मागा आणि वर दालचिनीचं आइस्क्रीम घ्या, या गावात तशीच पद्धत आहे. काही जण चेडार चीजची चकती घेतात, आंबट सफरचंदाबरोबर ती खरंच छान लागते. नऊ इंची पायचा एक तुकडा दोघांना पुरतो. मधुमेह असेल तर चुऱ्याचा डच घेऊ नका, त्यात साखर दोन ठिकाणी असते.

गोडांबा

रोकड जवळ ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सांता आना वारे सुटतात, कोरडे आणि जोराचे. आग लागू नये म्हणून अशा दिवशी डोंगरातल्या भागाचा वीजपुरवठा मुद्दाम बंद करतात. मग कार्डयंत्रंही बंद आणि भट्ट्याही. २००३च्या ऑक्टोबरात सीडर आगीत या जिल्ह्यातलं सुमारे पावणेतीन लाख एकर क्षेत्र जळालं होतं, क्युयामाकाचं जंगल त्यात गेलं. ७९ वरून जाताना आजही जुने काळे खोड आणि खालून आलेली दाट झुडपं दिसतात. म्हणून निघायच्या सकाळी हवामान खात्याचा आगीचा इशारा बघा, आणि लाल इशारा असेल तर बेत पुढे ढकला. डोंगरातून बाहेर पडायचे रस्ते मोजकेच आहेत.

कोयरी

सगळ्यांचे मनापासून आभार. पाय घरी आणला तर किती टिकतो? आणि शिकागोला बहिणीकडे विमानाने नेता येईल का?

आजीची_फोडणी

बाहेर दोन दिवस, फ्रिजमध्ये चार. फळाचाच पाय, क्रीमचा नाही.

गरम पाय विकत घेतला तर डब्याचं झाकण किंचित उघडं ठेवा. वाफ आत कोंडली की वरची पारी तासाभरात भिजल्या पोळीसारखी होते. गाडीत सीटवर ठेवू नका, सीट मागच्या बाजूला कललेली असते आणि वळणावर सारण एका कडेला जमतं. पायाशी, सपाट जागेवर, खाली टॉवेल घालून ठेवा.

पुन्हा गरम करताना मायक्रोवेव्ह नको. तो सारणातलं पाणी तापवतो आणि ते पारीत शिरतं. ओव्हनमध्ये १७५ अंश सेल्सियसला १५ ते २० मिनिटं, कड काळी पडू लागली तर कडेवर फॉइलची पट्टी.

गोठवलेला, न भाजलेला पाय मिळतो, तो आणलात तर वितळवू नका. वितळताना पारी ओली होते आणि ताटलीला चिकटते. फ्रीझरमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये. डब्यावर दिलेलं तापमान पाळा, खाली थाळा ठेवा, रस उतू जातोच. भाजून झाल्यावर दोन-तीन तास कापू नका. सारणातलं दाटपण थंड होताना येतं, गरम कापला की तळाशी पाणी.

विमानात पाय हातातल्या सामानात नेता येतो, अमेरिकेत देशांतर्गत तपासणीला चालतो. आइस्क्रीम मात्र नाही. भारतात परतताना ताजी सफरचंदं नेऊ नका, वनस्पती आरोग्याच्या दाखल्याशिवाय ताजी फळं आणता येत नाहीत.

सुरवंट

आजी, आमच्यासारख्या भारतात असणाऱ्यांनी काय करायचं? ओटीजीत (घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) ज्युलियनसारखा उंच पाय जमतो का? नेहमी वरची पारी फुगलेली आणि आत पोकळी, खाली कच्चं असं होतं.

आजीची_फोडणी

जमतो. पोकळी आणि कच्चा तळ ही दोन वेगळी दुखणी आहेत, उपायही वेगळे.

आधी प्रमाण, २३ सेंटीमीटरच्या ताटलीला. पारी: मैदा ३००, लोणी २००, बर्फाचं पाणी १०० ग्रॅमपर्यंत. वजनाने तीन-दोन-एक असं लक्षात ठेवा. मीठ ५ ग्रॅम, पण भारतातलं पिवळं खारं बटर असेल तर वेगळं मीठ घालू नका. लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे करून फ्रीझरमध्ये कडक करा. मुंबईच्या उकाड्यात मैदा आणि पातेलंही अर्धा तास फ्रिजमध्ये. इथे मोहन कडकडीत घालायचं नाही, करंजीच्या अगदी उलट: लोणी थंड आणि दाणेदार राहायला हवं, भाजताना ते वितळून वाफ सुटते तेव्हाच पापुदरे उलगडतात. मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळा, काही तुकडे चपटे दिसत राहू द्या. पाणी चमच्या-चमच्याने, मुठीत दाबल्यावर पीठ धरलं की थांबा. मळू नका. दोन चपट्या चकत्या करून फ्रिजमध्ये किमान तासभर. ही विश्रांती चुकवली की पारी भाजताना आक्रसून काठावरून खाली घसरते.

सारण: सोललेली सफरचंदं सव्वा किलो. भारतात हिमाचलचं लाल सफरचंद एकटं वापरू नका, ते मऊ पडतं. हिरवं ग्रॅनी स्मिथ निम्मं तरी हवं. फोडी सेंटीमीटरपेक्षा थोड्या पातळ. साखर १२० ग्रॅम, लिंबाचा रस एक मोठा चमचा, दालचिनी दीड लहान चमचा, जायफळ चिमूटभर, मीठ चिमूटभर.

आता पोकळीवर उपाय. कच्च्या फोडींमध्ये हवा आणि पाणी असतं, भाजताना त्या बसतात, पण वरची पारी तोवर उंचीवर कडक झालेली असते. म्हणून फोडींना साखर लावून तासभर ठेवा. पाणी सुटेल, ते चाळणीतून निथळा. तो रस पातेल्यात निम्मा होईपर्यंत आटवा, मधासारखा झाला की गार करून फोडींवर घाला, मग ३० ग्रॅम कॉर्नफ्लोअर. फोडी आधीच मऊ आणि लवचीक झालेल्या असतात, त्या ताटलीत दाबून, पोकळ्या न ठेवता रचा. मध्ये थोडं उंच. वरच्या पारीला पाच-सहा चिरा द्या. चिरा नसतील तर वाफ पारीला वर ढकलते.

कच्चा तळ हा ओटीजीचा दोष असतो. वरची दांडी जवळ असते, वर लवकर लाल होतं आणि आपण घाबरून बाहेर काढतो. काचेची ताटली न घेता गडद धातूची घ्या. रिकामा थाळा ओव्हनमध्ये सर्वांत खालच्या खणात ठेवून २२० अंशांवर अर्धा तास तापवा आणि पाय थेट त्यावर ठेवा. २२० ला २० मिनिटं, मग १९० ला ४० ते ४५. वर रंग आला की फॉइल झाका आणि भाजणं चालू ठेवा. झाला हे रंगावरून ठरवू नका: चिरेतून डोकावणारा रस पातळ, भराभर फुटणाऱ्या बुडबुड्यांचा असेल तर कॉर्नफ्लोअर अजून शिजलेलं नाही. बुडबुडे जाड, संथ आणि चकचकीत झाले की काढा.

सुरवंट

चिरेतल्या बुडबुड्यांची खूण आजवर कुठेच वाचली नव्हती. धन्यवाद आजी.

गोडांबा

मुक्काम करणाऱ्यांसाठी थोडक्यात. गोल्ड रश हॉटेल १८९७ सालचं, अल्बर्ट आणि मार्गारेट रॉबिन्सन या कृष्णवर्णीय दांपत्याने बांधलेलं. अल्बर्ट जन्माने गुलाम होता. सोन्याची खाण बघायची तर सी स्ट्रीटच्या टोकाला ईगल अँड हाय पीक खाण आहे, साधारण तासाभराचा फेरफटका. आत गारवा असतो, स्वेटर घ्या, वाट अरुंद आणि ओबडधोबड आहे. चालणाऱ्यांसाठी व्होल्कन माउंटनची वाट, जाऊन-येऊन पाच मैल आणि चांगलाच चढ. ज्येष्ठांसाठी लेक क्युयामाकाचा काठ पुरे.

पूर्वेला ७८ ने उतरलात तर बॅनर ग्रेडचा घाट थेट वाळवंटात नेतो, पुढे बोरेगो स्प्रिंग्ज. पायने पोट भरल्या भरल्या तो घाट उतरू नका, वळणं अतिशय अवघड आहेत. आधी वाळवंट, मग पाय.

कोयरी

बहीण डिसेंबरात येईल म्हणते. बर्फात जाता येईल?

निळीवाट

येईल, पण टायरला लावायच्या साखळ्या घेऊन. डोंगरावर बर्फ पडला की रस्त्यावर साखळीचे फलक लागतात. आर-१ म्हणजे साखळ्या लावाच, फक्त हिमटायर असलेल्या साध्या गाड्यांना सूट. आर-२ ला चारही चाकांवर ताकद असलेल्या आणि चारही हिमटायर असलेल्या गाड्यांनाच सूट, तीही साखळ्या गाडीत असतील तरच. आर-३ ला कोणालाच सूट नाही. साखळीचा आकार टायरच्या कडेवरच्या आकड्यांशी जुळवून घरीच घ्या आणि अंगणात एकदा लावून बघा, थंडीत बोटं बधिर झाल्यावर पहिल्यांदा शिकायला जमत नाही. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीला साखळ्या पुढच्या चाकांना. भाड्याच्या गाडीचा करार वाचा, बऱ्याच करारांत साखळ्या लावायला मनाई असते.

बर्फ पडल्यानंतरचा पहिला शनिवार-रविवार टाळा. खालून सगळं शहर मुलांना बर्फ दाखवायला वर येतं आणि ऑक्टोबरापेक्षा मोठी रांग लागते. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी दहानंतर निघा, तोवर रात्रीचा पारदर्शक बर्फ वळणांवरच्या सावलीतूनही वितळायला लागलेला असतो. आणि परतीला चारच्या आत घाट उतरायला सुरुवात करा, ऊन गेलं की तेच पाणी पुन्हा गोठतं.